सव्वा हाताच्या वरचा कुत्रा

गाडीतळ, बऱ्हाणपूर
२८ सप्टेंबर १९५०

तीर्थरूप लोटूदादास,

कौतिकचा नमस्कार. शिरसाष्टांग लिहिणार होतो, पण दोन वर्षांत तू माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीस, तेव्हा एवढं वाकलेलं तुला रुचेल की नाही ते कळेना. म्हणून साधाच नमस्कार. सोजरवहिनींना मात्र शिरसाष्टांग.

पत्र धूलकोटच्या पत्त्यावर टाकतो आहे. तू पावसाळाभर तिकडेच असतोस असं गाडीवाल्यांकडून कळलं. मी इथे तळाचा कारकून आहे, फाटकाशीच माझी खोली आहे, हे तुला सांगायला नको. गेले दोन हंगाम कापसाची गाडी घेऊन तू त्या खोलीसमोरून आत गेलास आणि मान वळवली नाहीस. मी मात्र दोन्ही वेळा वहीत लिहिलं, ‘लोटू, गाडी एक, बैल दोन, कुत्रा एक’. अक्षरही नीट काढलं.

आता मुद्द्याचं. तळावर नवा नियम झाला आहे. मोठे कुत्रे आणि शिकारी जातीचे कुत्रे यापुढे आत येणार नाहीत. झालं असं की पोळ्याच्या दिवशी आपल्या पंच कमिटीचे अध्यक्ष लीलाधरशेठ नातीला सजवलेले बैल दाखवायला घेऊन आले. सहा वर्षांची पोर. कोणत्या तरी गाडीखालून कुत्रं आलं, तिच्या पोटरीला चावलं आणि पळालं. कोणी नीट पाहिलं नाही, पण विचारलं तेव्हा जो तो म्हणाला, ‘भला मोठा होता.’ पोरीला पोटात चौदा सुया घ्याव्या लागल्या. आता बरी आहे. पण शेठ तापले आणि आठ दिवसांत नियम झाला.

दादा, तुझा दिवाण मोठाही आहे आणि शिकारी जातीचाही. तेव्हा या हंगामात त्याला धूलकोटला कोणापाशी तरी ठेवून ये, एवढं सांगायला हे पत्र. वहिनींचा दमा मागच्या थंडीत किती वाढला होता ते कोकिळेनं पाहिलं आहे. डॉक्टर म्हणाले होते की चार महिने गावात राहा, ओलीत झोपू नका, दर आठवड्याला येऊन दाखवा. तळावर आजाऱ्यांसाठी भिंतीची पडवी आहे. ती मी तुमच्यासाठी धरून ठेवतो. दुसरीकडे कुठे राहणार तुम्ही? घर तर

हे वाक्य अर्धंच राहू दे.

कोकिळेचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझा
कौतिक


१७ ऑक्टोबर १९५०

ती. दादास,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांत तुझं पहिलं अक्षर! कोकिळेला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, वाचा तर. मी म्हटलं, वाचलं, एवढंच आहे. ‘नियमाची नक्कल पाठव.’ खाली सहीसुद्धा नाही.

बरं, नक्कल अशी:

१. ज्या कुत्र्याची उंची सव्वा हाताच्या वर आहे त्यास तळात प्रवेश नाही. फाटकाच्या खांबास गेरूची रेघ मारली आहे, तेथे मोजावे.
२. आत आलेला कुत्रा गाडीच्या आसास बांधून ठेवावा.

तिसरा नियम जातीबद्दल आहे, तोही असाच काहीसा.

या रेघेनं माझी काय फटफजिती चालवली आहे ती ऐक. उंची म्हणजे कुठपर्यंत, ते नियमात लिहायचं राहिलं. आपल्या संस्थानच्या शिकारखान्यात उंची म्हणजे खांद्यापर्यंत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इथे कोणी म्हणतो कानापर्यंत, कोणी म्हणतो पाठीपर्यंत. निंबोल्याच्या एकानं तर कुत्रा रेघेपाशी खाली बसवला आणि म्हणाला, ‘घ्या मोजून, रेघेच्या खालीच हाय!’ मी म्हटलं, अरे, उभा कर. तर म्हणतो, ‘तळावर तो बसूनच राहील ना भाऊ, उभा कायले राहील?’ सोडला आत. चौकीदार गोटू म्हणतो की याच हिशोबानं बैलही बसवून आणता येईल.

आणि फोपनारचा तो कडू, केळीची गाडी आणतो तो, त्याची चिंगी नावाची कुत्री आहे. रेघेच्या निम्मीही नाही. पण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टाचेवर डोळा. ती रोज शेपूट हलवत रेघेखालून जाते. नियमात बसते, मग मी काय करणार?

पडवीची जागा अजून धरून ठेवली आहे. दिवाणाचं काय ठरवलंस ते लिही. वहिनींना रात्री झोप लागते का?

कौतिक


५ नोव्हेंबर १९५०

ती. दादा,

दुसरं कार्ड आलं. ‘तिसरा?’ एवढाच शब्द. तू लहानपणीही असाच होतास. मी दूध सांडलं की मला मारायचा नाहीस, नुसता सांडलेल्या दुधाकडे बघत उभा राहायचास, आणि मग मीच रडत सगळं सांगायचो.

तर सांगतो. नियम मी लिहिले, तिन्ही. पंचांनी नुसता ठराव केला की मोठ्या व शिकारी कुत्र्यांना बंदी. शेठ मला म्हणाले, ‘कौतिकराव, तुम्ही संस्थानात कुत्र्यांच्या वह्या लिहीत होता ना? मग तुमच्याइतकं कोणाला कळतं? ओळखायचा कसा तेही लिहून टाका, म्हणजे फाटकावर वाद नको.’ मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? विलीनीकरण झाल्यापासून मला काही कळतं असं कोणी म्हटलं नव्हतं. इथे मी गाड्या मोजणारा माणूस. दरबारच्या शिकारखान्यात चौदा कुत्र्यांची वही माझ्या हाती होती, हे इथे सांगितलं तर लोक हसतात.

दौत घेऊन बसलो. शिकारी कुत्र्याची ओळख लिहायची म्हणजे वहीत जशी लिहायचो तशी, तोंडापासून शेपटीपर्यंत. हात आपोआप चालला. वाळू टाकून कागद शेठकडे नेला, त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी फाटकावर चिकटवला तेव्हा मी तो पहिल्यांदा उभ्यानं वाचला. वाच तूही:

३. शिकारी जातीचा कुत्रा उंचीस कसाही असो, आत येणार नाही. ओळख: तोंड लांब व निमुळते. कान पातळ, पडलेले. छाती खोल, कंबर आत गेलेली. अंग बदामी. डाव्या पुढच्या पायास पांढरा मोजा. नजर शांत.

दादा, हा कोण आहे ते तुला सांगायला नको. सहा वर्षांच्या पोरीला चावणाऱ्या कुत्र्याच्या ओळखीत ‘नजर शांत’ लिहिणारा माणूस मी! दरसाल दसऱ्याला मी दिवाणाची नोंद नवी करायचो आणि तू, कुत्र्यांचा राखणदार, त्याला धरून उभा असायचास. तीच नोंद उतरली. बाकी तेरा कुत्र्यांतला एकही मला त्या वेळी आठवला नाही. गाडीवाले वाचतात, आपल्या कुत्र्याकडे बघतात, त्याला पांढरा मोजा नसतो, आणि खुशाल आत जातात. साऱ्या निमाडात हा नियम एकाच कुत्र्याला लागू आहे.

कोकिळेनं मला विचारलं, ‘तुम्ही भाऊजींवर राग होता म्हणून लिहिलं, का त्यांची आठवण येते म्हणून?’ मी रागावलो तिच्यावर. खरं सांगू, मला ठाऊक नाही. मी स्वतःला दहा वेळा विचारलं. राग मला कशाचा असणार? रागवायचा हक्क तुझा आहे.

ते अर्धं वाक्य आता पुरं करतो. तुझं घर माझ्यामुळे गेलं. संस्थान विलीन झालं, नवे अधिकारी मोजदादीला आले, कुत्रे लिलावात काढायचे ठरलं. वहीत चौदा, साखळीला तेरा. दिवाण कुठे, असं त्यांनी विचारलं. मला माहीत होतं की आदल्या दिवशी तू त्याला नेलास. वहिनींनी त्याला शेळीच्या दुधावर वाढवला होता, मांडीवरून खाली ठेवत नव्हत्या. तो लिलावात जाणं शक्यच नव्हतं. मला फक्त एक शब्द लिहायचा होता, ‘मेला’. कोणीही शोधायला आलं नसतं. मी म्हणालो, ‘माझ्या भावानं नेला.’ का म्हणालो? वही माझी होती आणि वहीत मी कधी खोटं लिहिलं नव्हतं. एवढंच कारण. मला नोकरीचा चांगला दाखला मिळाला आणि इथे लागलो. तुला दाखला नाही आणि शिकारखान्याचं क्वार्टर आठ दिवसांत खाली करायला लावलं. आणि गंमत बघ, कुत्रा परत आण असं कोणी म्हटलंच नाही. ‘एक कमी’ असा शेरा मारला आणि पुढे गेले. संस्थानचे खरे दिवाणसाहेब तेवढ्यात घरी बसले. आपल्या दिवाणाचा हुद्दा तेवढा राहिला, तोही दरबारांनी हौसेनं दिलेला.

आता तू येऊ नकोस असंही लिहिता येत नाही आणि ये असंही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण वहिनींना घेऊन ये. काही तरी करू.

कौतिक


२७ नोव्हेंबर १९५०
हाती, कोकिळेबरोबर, ताप्तीच्या वाळूत

दादा,

मैलावर तू आहेस आणि मी पत्र लिहितो आहे. कोकिळा भाकरी घेऊन निघालीच आहे, म्हणाली, द्या काय द्यायचं ते.

परवा तुझी गाडी फाटकाशी आली तेव्हा मी आत लपलो होतो. हो, लपलो होतो. गोटूला म्हटलं होतं की तूच मोज. तो बिचारा तुला ओळखतो. ‘दादा, कुत्रं रेघेपाशी उभं करता का जरा?’ असं त्यानं म्हटल्याचं ऐकू आलं. मी खिडकीतून पाहिलं. तू दिवाणाला खांबाशी नीट उभा केलास, चारी पाय सरळ, मान वर, जसा दसऱ्याला करायचास. दुसरा कोणी असता तर बसवला असता. चार बोटं वर भरला. गोटूनं माझ्या खोलीकडे पाहिलं आणि मला बाहेर यावं लागलं.

‘वाच,’ तू म्हणालास.

मला वाटलं होतं की तू मारशील. वाचायला सांगशील असं वाटलं नव्हतं. मी वाचलं. तुझ्याकडे बघायचं धैर्य नव्हतं, म्हणून कागदाकडे बघत वाचलं, जरी पाठ होतं तरी. ‘नजर शांत’ आलं आणि तू हसलास. मोठ्यानं हसलास. मागच्या गाडीवाल्यांनाही हसू आलं, का ते त्यांना ठाऊक नव्हतं.

‘येवढं ध्यानात ठेवलं तू?’ असं म्हणालास, आणि मग बैलांची वेसण धरून गाडी वळवलीस. गाडीवरच्या तट्ट्याच्या आडून वहिनींचा खोकला ऐकू येत होता. थांबला की पुन्हा सुरू. मी म्हणालो, ‘दादा, वहिनींना तरी…’ तर तू म्हणालास, ‘तिचं कायले इचारतो? नियम वाच.’

तू हसलास ते कशासाठी? दोन वर्षं तू बोलावंस म्हणून मी झुरलो, आणि बोललास ते असं की त्यात शिवी आहे का माया, मला उलगडत नाही. गोटूला विचारलं. तो म्हणाला, ‘मले तं भाऊ, ते रडनंच वाटलं.’ आता यात मी काय समजू?

वाळूत सकाळी धुकं असतं. वहिनींना तिथे ठेवू नकोस. कोकिळेबरोबर औषधाची बाटली पाठवली आहे, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. दिवाणासाठी भाकरी वेगळी बांधली आहे.

कौतिक


१० डिसेंबर १९५०

दादा,

चांगली बातमी आहे, निदान मला तरी तशी वाटते.

चिंगीनं काल गोटूला टाचेत चावलं आणि गाडीखाली पळाली, पोळ्याच्या दिवशी पळाली तशीच. गोटूनं असा काही आरडाओरडा केला की सगळा तळ जमला. कडूनं टोपी काढून हातात घेतली आणि कबूल झाला. पोळ्यालाही तीच चावली होती. त्यानं पाहिलं होतं, पण सगळे ‘मोठा, मोठा’ म्हणायला लागले तेव्हा तोही ‘मोठा’ म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मी तडक शेठकडे गेलो. म्हटलं, तिसरा नियम काढा, तो चुकला आहे, माझ्याच हातून चुकला आहे. शेठनी कडूला बोलावून झापलं, चिंगीला तळबंदी केली. नियम मात्र काढायला तयार होईनात. म्हणाले, ‘कमिटीनं शिक्का मारलाय. आता काढला तर लोक म्हणतील, पंचांना कुत्रा कळत नाही.’ मग हळूच म्हणाले, ‘तुमच्या भावाचाच कुत्रा ना? अहो, जात तुम्हीच वहीत लिहिता. गावठी लिहा. रेघही तुम्हीच मारली, चार बोटं वर मारा. मी काही बघितलं नाही.’

दादा, मी केलं. आज सकाळी जुनी रेघ पुसून वर मारली. ओला गेरू धोतराला लागला तोही धुतला नाही. आणि वही उघडून लिहिलं, ‘लोटू, गाडी एक, बैल दोन, कुत्रा एक, जात गावठी’. ‘गा’चा काना तिरका गेला. माझ्या वहीतलं पहिलं खोटं. शाई वाळेपर्यंत बघत बसलो. लाज वाटली का? हो. पण तिच्यात आनंदही होता, आणि असा दोन्ही मिळून माणसाला काही होतं हे मला माहीत नव्हतं.

आता काही अडचण नाही. उद्या-परवा गाडी घेऊन या. पडवी झाडून सारवून ठेवली आहे, कोकिळेनं गोवऱ्याही रचल्या आहेत. वहिनींना लवकर आण.

कौतिक


१९ डिसेंबर १९५०
हाती, कोकिळेबरोबर

दादा,

हे शेवटचं पत्र. म्हणजे तू सांगितलंस तर, नाही तर माझा काय भरवसा?

काल काय झालं ते तुला ठाऊक आहे, तू तिथेच होतास. पण मला ते एकदा सरळ ओळीनं लिहून बघितल्याशिवाय समजणार नाही.

गाडी आली. गोटूनं हसत फाटक उघडलं. दिवाण नव्या रेघेच्या खाली मावला. सगळं झालंच होतं. फक्त तुझी सही राहिली होती, म्हणून मी वही पुढे केली. तू वाचलंस. तुला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचतोस. बोट त्या शब्दावर थांबलं.

‘हे कोनी लिवलं?’

‘मी,’ मी म्हणालो. मला वाटलं, आता तू मला जवळ घेशील. खरंच वाटलं, दादा. हसू नकोस.

‘अठ्ठेचाळीसले तू ‘मेला’ लिवलं असतं, तं मी तुहे पाय धरले असते,’ तू म्हणालास. ‘तवा तुह्याच्यानं खोटं नई लिववलं. मंग आता कायले? हा कारवानी हाय, शिकारी जात. ह्याची माय कारवानी, बाप कारवानी. तुह्या वहीतच हाय ते. खोड ते आन् कारवानी लिव्ह.’

मी म्हटलं, दादा, कारवानी लिहिलं तर आत येता येणार नाही. तू म्हणालास, ‘नको येऊ दे.’ गोटू एका हातानं फाटक धरून उभा, उघडं ठेवायचं का लावायचं ते त्याला कळेना. मागे तीन गाड्या खोळंबल्या, त्यातल्या एकानं तर ‘अरे भाई, कुत्ते की शादी है क्या?’ असंही विचारलं. मी खोडलं. कारवानी लिहिलं. तू सही केलीस आणि बैलांकडे वळलास.

तेवढ्यात वहिनी उतरल्या. तट्ट्याला धरून, एक पाय, मग दुसरा. उतरून चाकाला टेकून उभ्या राहिल्या, बोलायला दम पुरेना. आपण दोघंही त्यांना धरायला गेलो तर दोघांनाही हातानं दूर सारलं.

‘तुमचं दोघा भावाचं लिवनं-वाचनं चालू द्या,’ त्या म्हणाल्या. ‘सावकाश चालू द्या. मले दम लागते. मी कोकिळाकडे जाते.’

मग दिवाणाकडे पाहिलं. तो त्यांच्या मागे निघालाच होता. ‘तू नई,’ त्या म्हणाल्या. ‘तू बस इथी.’ तो बसला. त्यांनी पदर तोंडाला लावला. खोकल्यासाठी लावला का कशासाठी, मी विचारलं नाही. चिरगुटाचं गाठोडं काखेत घेऊन त्या फाटकातून आत गेल्या. त्यांच्यासाठी कोणताच नियम नव्हता.

रात्री त्यांना झोप लागली. सकाळी डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, छाती भरली आहे, पण वेळेवर आलात. महिनाभर हलवायचं नाही. हे तुला कळावं म्हणून आधी लिहायला हवं होतं, इतकं खाली लिहिलं त्याबद्दल माफ कर. वहिनींनी सकाळी अर्धी भाकरी दुधात खाल्ली. तुझं नाव काढलं नाही, दिवाणाचं काढलं. पण सारखं फाटकाकडे बघतात. बरं दिसत नाही ते.

काल वहिनी आत गेल्यावर तू फाटकाबाहेर थांबलास, मग वाळूत परत गेलास. आत येऊन त्यांना बघावंसं वाटलं असणारच. पण दिवाणाला एकटा सोडून तू येणार नाहीस. बांधलेला तो राहत नाही, आणि तिथे वाळूवर बाकी कोणी तुझ्या ओळखीचं नाही. त्याला आत आणता येत नाही, कारण तो कारवानी आहे, आणि तो कारवानी आहे हे मीच दोनदा लिहिलं आहे.

दादा, मी खरं लिहिलं तेव्हा तू घराबाहेर झालास. नियम लिहिला तेव्हा फाटकाबाहेर. खोटं लिहिलं तरी बाहेर, ते खोडलं तरी बाहेरच. मग मी लिहायचं तरी काय? सत्तावीस वर्षांचा होतो तेव्हापासून मी फक्त लिहितोच आहे, मला दुसरं काही येत नाही. माझ्याकडून काय हवं आहे तुला ते एकदा सांग. मी उलट विचारणार नाही.

कौतिक

(याच कागदाच्या पाठीवर, पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात)

कौतिक,

आता लिहू नको. इकडे वाळूत ये. मले सोजरले पाह्याले जानं हाय. तोवर दिवाणले तू धर.

लोटू